हरवलेली किल्ली आणि उरणारा हक्क

प्रस्तावना

सॉफ्टवेअर विकत घेतले, पैसे मोजले, पक्के बिल मिळाले आणि बिलासोबत अंगठ्याएवढी एक किल्ली मिळाली. ती संगणकाला लावली की सॉफ्टवेअर चालते, काढली की थांबते. पुढे कधीतरी ती किल्ली हरवते. मग प्रश्न उभा राहतो : हरवले ते नेमके काय? थोडे प्लॅस्टिक आणि एक चिप, की लाखभर रुपये मोजून मिळवलेला वापराचा हक्क? विक्रेता एक उत्तर देतो, ग्राहक दुसरे देतो आणि कायदा देशागणिक वेगळे देतो. या उत्तरांच्या मधल्या जागेत एक अभ्यासक्षेत्र उभे आहे. मराठी वाचकाला त्यात हात धरून न्यावे, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

हार्डवेअर की, डोंगल, हार्डवेअर लॉक ही सगळी एकाच वस्तूची नावे. डीटीपीच्या दुकानात आणि हिशेबनिसांच्या कचेरीत 'लॉक' हा शब्द रुळला आहे, वर्कशॉपमध्ये 'डोंगल' चालतो. पुस्तकात मी बहुतेक ठिकाणी 'किल्ली' लिहिले आहे. वाचकाने आपल्या सवयीचा शब्द तिथे खुशाल वाचावा.

विषय वरवर पाहता फार लहान वाटतो. पण या लहान वस्तूभोवती गूढलेखनशास्त्र, करार, कॉपीराइट, विमा, ग्राहकसेवा आणि ग्रंथालयशास्त्र इतक्या विद्याशाखा एकत्र येतात की कोणा एका शाखेचा माणूस एकट्याने त्याला पुरा पडत नाही. किल्ली बनवणारा अभियंता सुरक्षेपुरते बोलतो, वकील करारापुरते बोलतो आणि ज्याचे काम अडले तो फक्त फोन लावत राहतो. या तिघांना एकमेकांची भाषा समजावी, ही या क्षेत्राची पहिली गरज आहे.

आपल्या घरचा प्रश्न

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. युनिकोड सर्रास होण्याआधी मराठी मजकूर संगणकावर जुळवण्याची जी साधने महाराष्ट्रभर वापरात होती, त्यांतली दोन ठळक नावे पुण्याचीच : मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम. दोन्ही हार्डवेअर लॉकसह मिळत. पुस्तके, साप्ताहिके, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके यांचा केवढा तरी मजकूर अशा लॉक लावलेल्या संगणकांवर जुळवला गेला.

दिवाळी अंकांच्या हंगामातले एखादे जुळणीचे दुकान डोळ्यांसमोर आणा. संगणक दुसऱ्या टेबलावर हलवला जातो, मागच्या वायरी निघतात, पुन्हा लागतात. सकाळी ऑपरेटर फाइल उघडतो. पाने दिसतात, छापूनही निघतात, कारण फाँट संगणकात आहेत. पण तिसऱ्या पानावरची एक वेलांटी दुरुस्त करायची म्हटले की कळफलक मराठी उमटवायला तयार नसतो. लॉक जाग्यावर नसते. त्या काळच्या प्रत्येक कंपनीच्या फाँटची सांकेतिक मांडणी वेगळी, त्यामुळे शेजारच्या दुकानातले दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही. अंक छपाईला जायचा असतो आणि एवढ्याशा तुकड्यापायी सगळा अंक खोळंबतो. लेखक, संपादक, जाहिरातदार, विक्रेते अशा कितीतरी माणसांनी त्या किल्लीचे नावही ऐकलेले नसते, तरी ती हरवल्याची झळ त्यांना लागते.

हेच चाकणच्या किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये घडू शकते. सीएनसी यंत्रासाठी टूलपाथ तयार करणारी मास्टरकॅमसारखी सॉफ्टवेअरे वर्षानुवर्षे हास्प जातीच्या किल्लीवर चालली. किल्ली एक आणि पाळ्या तीन असल्या की ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते, रात्रपाळीवाल्याच्या खिशात राहते आणि पँट धुवायला जाते.

किल्लीचा थोडक्यात इतिहास

संगणकाच्या जगातली सर्वांत जुनी परिचित किल्ली १९८० च्या सुमाराची. कमोडोर पेट या संगणकावर चालणाऱ्या वर्डक्राफ्ट या शब्दसंस्करण प्रोग्रामसोबत ती येई आणि कॅसेट जोडण्याच्या जागी बसे. त्यानंतर या वस्तूचा स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. कॅलिफोर्नियातल्या रेनबो टेक्नॉलॉजीजची सेंटिनल, १९८५ साली इस्राएलमध्ये स्थापन झालेल्या अलादीनची हास्प आणि १९८९ साली जर्मनीतल्या कार्लस्रूह इथे सुरू झालेल्या विबू-सिस्टिम्सची विबूकी, ही त्या उद्योगातली मोठी नावे.

विरोधही सुरुवातीपासून होता. १९८६ साली ऑटोडेस्कने ऑटोकॅडला अमेरिकेच्या बाजारातही लॉक लावले, पण ग्राहकांनी इतका गदारोळ केला की कंपनीला थोड्याच महिन्यांत ते मागे घ्यावे लागले. अमेरिकेबाहेरच्या देशांत विकल्या जाणाऱ्या ऑटोकॅडला मात्र लॉक पुढेही राहिले. एकाच सॉफ्टवेअरचे दोन देशांतले ग्राहक दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर विश्वासार्ह मानले गेले, ही बाब या क्षेत्राच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

सुरुवातीची किल्ली संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टवर बसे. तीन-चार सॉफ्टवेअरे असली की किल्ल्या एकीमागे एक जोडलेल्या असत आणि शेवटी प्रिंटरची केबल. दोन्ही बाजूंना हाताने पिळायचे स्क्रू असत. ही रचना कुरूप होती, पण किल्ली हरवायला वाव कमी होता. जिथे पिळून बसवली, तिथे ती वर्षानुवर्षे राहायची. यूएसबी आली आणि किल्ली बोटाच्या पेराएवढी झाली. ती सहज लावता-काढता येऊ लागली आणि घरून काम करणाऱ्याला सोबत नेता येऊ लागली. जी सोय झाली, तीच हरवण्याचे कारण झाली. हरवलेल्या किल्लीचा प्रश्न आजच्या रूपात ऐरणीवर आला तो या बदलानंतर.

उद्योगाची मालकीही बदलत गेली. रेनबो २००४ साली सेफनेटमध्ये विलीन झाली, २००९ साली अलादीन सेफनेटच्या छत्राखाली आली, सेफनेट पुढे जेमाल्टोकडे गेली आणि २०१९ साली जेमाल्टो थालेसकडे. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या अशा किल्लीवरचे कंपनीचे नाव आज बहुधा कुठल्याच पाटीवर सापडत नाही.

इथे एक तिहेरी नाते लक्षात ठेवावे लागते. किल्ली बनवणारा एक, सॉफ्टवेअर विकणारा दुसरा, वापरणारा तिसरा. किल्लीतले परवाने सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या खास संकेतांनी बांधलेले असतात. म्हणून किल्ली हरवली की ती बनवणाऱ्याकडे जाऊन उपयोग नसतो. तो ग्राहकाला ओळखतच नाही. दाद मागायची ती सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे, आणि तो विक्रेताच बंद पडला असेल, तर दाद मागायला जागाच उरत नाही.

नक्कल न होणे, हाच गुण आणि हाच घात

किल्लीचे काम थोडक्यात असे चालते. सॉफ्टवेअर किल्लीकडे एक आकडा पाठवते. किल्ली आपल्या पोटातल्या गुप्त संकेताने त्या आकड्याचे रूपांतर करते आणि उत्तर परत देते. उत्तर बरोबर असेल तर काम पुढे चालते. गुप्त संकेत चिपच्या बाहेर कधीच येत नाही, त्यामुळे शेजारी बसून सगळी प्रश्नोत्तरे टिपून घेतली तरी नवी किल्ली बनवता येत नाही. जुन्या किल्ल्यांत हे रूपांतर अगदी साधे असे आणि ते फोडणारेही पुष्कळ निघाले. हास्प एचएलच्या पिढीपासून १२८ बिटांचे एईएस हे भक्कम गूढलेखन आले; विबूच्या कोडमीटर किल्ल्यांत स्मार्टकार्डातल्यासारखी सुरक्षित चिप असते.

या सगळ्या मेहनतीचा हेतू एकच : किल्लीची नक्कल होऊ नये. आणि जिची नक्कल होत नाही, तिची राखीव प्रतही ठेवता येत नाही. संगणकाच्या जगात राहणारा माणूस प्रत्येक गोष्टीचा बॅकअप घ्यायला शिकतो. इथे तो शहाणपणा चालत नाही. चोराला अडवणारा गुणधर्मच प्रामाणिक ग्राहकाला उघड्यावर पाडतो. ज्याने चोरीची प्रत बसवली आहे, त्याच्याकडे हरवायला किल्लीच नसते. हरवण्याची सगळी जोखीम पैसे मोजणाऱ्याच्या वाट्याला येते. या क्षेत्रातले बहुतेक वाद शेवटी या विषमतेपाशी येऊन थांबतात.

मोडलेली किल्ली आणि हरवलेली किल्ली

नवख्या अभ्यासकाने पहिला भेद हा शिकावा. किल्ली मोडली, जळली, पाण्यात भिजली, तर तिचे अवशेष हातात असतात. ते विक्रेत्याकडे पाठवता येतात, तो क्रमांक तपासतो आणि बदली किल्ली देतो. जुनी त्याच्या ताब्यात आल्यामुळे एका परवान्याच्या दोन किल्ल्या होण्याचे भय राहत नाही. बहुतेक विक्रेते या बाबतीत उदार असतात, आणि का असू नयेत?

हरवलेल्या किल्लीचे अवशेष नसतात. पडद्यावर फक्त 'सेंटिनल की नॉट फाउंड, एच०००७' अशी ओळ येते, आणि किल्ली गटारात पडली काय किंवा खणात जपून ठेवली काय, ती ओळ तीच असते. यंत्राला दोन्ही सारख्याच. ग्राहक म्हणतो, हरवली. विक्रेता मनात म्हणतो, कशावरून? एखादी वस्तू आपल्याजवळ आहे हे दाखवता येते. ती कुठेच नाही, हे कोणीही सिद्ध करू शकत नाही. पोलिसांत दिलेल्या तक्रारीतूनही एवढेच कळते की तक्रार दिली गेली.

म्हणून दोघांनाही खलनायक न करता हा प्रश्न अभ्यासायला हवा. विक्रेत्याची भीती खरी आहे : बदली किल्ली फुकट दिली आणि पहिली सापडली, तर एका किमतीत दोन परवाने गेले. ग्राहकाची तक्रारही खरी आहे : मी हक्क विकत घेतला, तो वस्तूबरोबर कसा बुडेल? दोघेही खरे बोलत असताना अनिश्चिततेची किंमत कोणी किती सोसायची, हे ठरवणे म्हणजे या क्षेत्राचे काम.

पेठ, परपेठ आणि कायद्याची जुनी समज

हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. कागदात हक्क बांधला आणि कागद हरवला, तर काय करायचे, हे आपल्या पेढीवाल्यांना शतकांपूर्वी सोडवावे लागले. हुंडी वाटेत हरवली की लिहिणारा तिची दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. मूळ हुंडीचे पैसे आधी दिले गेले नसतील तरच हिचे द्यावे, अशी अट त्यात असे. दुसरी प्रत निघाली म्हणून हक्क दुप्पट होत नसे, कारण पैसे एकदाच मिळणार हे पेढीच्या वहीत बांधलेले असे.

१८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमधले कलम ४५अ हीच समज कायद्याच्या भाषेत सांगते. मुदत भरण्याआधी बिल (बिल ऑफ एक्स्चेंज, म्हणजे हुंडीसारखा दस्तऐवज) हरवले, तर धारकाला ते लिहिणाऱ्याकडून तशाच मजकुराचे दुसरे बिल मागता येते. मात्र हरवलेले बिल पुन्हा सापडले तर होणाऱ्या नुकसानीची हमी, मागितल्यास, त्याला द्यावी लागते. लिहिणाऱ्याने नकार दिला तर त्याला भाग पाडता येते. हरवल्याचा पुरावा कुठून आणणार, या कोड्यात कायदा अडकत नाही. तो हमी मागतो आणि हक्क चालू ठेवतो.

या व्यवस्थेत तीन गोष्टी आहेत : वस्तूपासून वेगळी ठेवलेली नोंद, दुसऱ्या प्रतीवर घातलेली अट आणि सापडल्यास भरपाईची हमी. हरवलेल्या सॉफ्टवेअर किल्लीसाठीही याच तीन गोष्टी लागतात, हे माझे प्रतिपादन आहे आणि पुस्तकाची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. किल्ली हा हक्काचा पुरावा आहे. एक पुरावा गेला तर दुसऱ्या पुराव्याने तो हक्क उभा करता आला पाहिजे, आणि त्या दुसऱ्या पुराव्याची सोय विक्रीच्या दिवशीच झाली पाहिजे.

चालू असलेले मार्ग

आज विक्रेते या प्रश्नाला पाच प्रकारे सामोरे जातात.

पहिला मार्ग सपशेल नकाराचा. करारात स्पष्ट लिहिलेले असते की हरवलेल्या किंवा चोरीस गेलेल्या किल्लीची बदली मिळणार नाही, नवा परवाना पूर्ण किमतीत घ्यावा आणि ग्राहकाने किल्लीचा विमा सॉफ्टवेअरच्या किमतीइतका उतरवावा. ही भूमिका सोपी आहे, पण हक्क आणि वस्तू यांना ती एकच करून टाकते.

दुसरा मार्ग सशुल्क संरक्षणाचा. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात चालणाऱ्या आयलॉक किल्लीसाठी पेस ही कंपनी असे संरक्षण विकते. किल्ली बिघडली किंवा गेली तर तात्पुरते परवाने मिळतात आणि स्टुडिओतले काम थांबत नाही. इथे अनिश्चिततेची किंमत सगळे ग्राहक मिळून थोडी थोडी भरतात.

तिसरा मार्ग मुदतीचा, आणि मला तो सर्वांत देखणा वाटतो. किल्लीतला परवाना कायमचा न ठेवता सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा ठेवायचा आणि मुदत संपत आली की फुकट वाढवून द्यायची. सेंटिनलच्या पद्धतीत ग्राहक आपल्या किल्लीची स्थिती सांगणारी सीटूव्ही फाइल पाठवतो आणि विक्रेता उत्तरादाखल व्हीटूसी फाइल देतो. किल्ली हरवली तर तिची वाढ थांबवायची. कुठेतरी पडलेली ती किल्ली मुदत संपली की आपोआप निरुपयोगी होते. ग्राहकाला बदली लगेच देता येते, कारण विक्रेत्याची जोखीम उरलेल्या मुदतीपुरतीच असते. मात्र ग्राहकाला दर वर्षी विक्रेत्याचे तोंड पाहावे लागते, आणि विक्रेता नाहीसा झाला तर परवानाही नाहीसा होतो.

चौथा मार्ग काळ्या यादीचा. हरवलेल्या किल्ल्यांचे क्रमांक सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत घालायचे. जुनी आवृत्ती त्या किल्लीवर चालतच राहते, पण नवी चालत नाही.

पाचवा मार्ग किल्लीलाच रजा देण्याचा : परवाना ग्राहकाच्या खात्यावर ठेवायचा आणि इंटरनेटवरून तपासायचा. संगीताच्या सॉफ्टवेअरमधली स्टाइनबर्ग ही कंपनी वर्षानुवर्षे ईलायसेन्सर किल्ली वापरत होती. २०२२ साली डोरिको ४ आणि क्यूबेस १२ यांच्यापासून तिने ती सोडली, आणि २० मे २०२५ रोजी ईलायसेन्सरची सेवाच बंद झाली. नव्या ग्राहकाच्या डोक्यावरून हरवण्याची चिंता गेली. पण ज्यांचे जुने परवाने किल्लीतच राहिले, त्यांची किल्ली त्या तारखेनंतर हरवली तर दाद मागायची सोय राहिली नाही. प्रश्न सुटतो तेव्हा कोणासाठी सुटतो, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

या पाचांची तुलना करताना डिजिटल सहीच्या टोकनचे उदाहरण फार उपयोगी पडते. ई-निविदा भरणारा महाराष्ट्रातला प्रत्येक कंत्राटदार ते यूएसबी टोकन ओळखतो. ते हरवले तर २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४२ लागू होते. खासगी संकेत आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी सहीधारकाने घ्यावी आणि तो धोक्यात आला तर प्रमाणन अधिकाऱ्याला विनाविलंब कळवावे, असे ते कलम सांगते. प्रमाणपत्र रद्द होते, रद्द यादीत जाते आणि नवे मिळते. इथे कोणी संशय घेत बसत नाही, कारण सही तपासणारा प्रत्येक जण ती यादी पाहू शकतो. सॉफ्टवेअरच्या किल्लीला ही सवलत नाही. इंटरनेट नसलेल्या जहाजावर, कारखान्याच्या बंदिस्त जाळ्यात, संरक्षण खात्याच्या खोलीत चालावे म्हणून तर ती घेतलेली असते. कोणालाही न विचारता चालणे हे तिचे बलस्थान, आणि म्हणूनच तिला दुरून रद्द करता येत नाही. हे गणित ज्याला उमगले, त्याला या क्षेत्राचा गाभा हाती लागला असे समजावे.

कायदा कुठे उभा आहे

भारतीय कायद्यात दोन तरतुदी शेजारी ठेवून वाचाव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२(१)(अअ) संगणक प्रोग्रामच्या प्रतीचा कायदेशीर ताबा असणाऱ्याला हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करू देते. हरवण्याचा उल्लेख कायद्यानेच केला आहे, पण तो प्रतीबद्दल; किल्लीबद्दल कलम बोलत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ संरक्षक तांत्रिक उपायाला बगल देण्याला शिक्षा ठेवते, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड; पण हक्कांचे उल्लंघन करण्याचा हेतू असेल तरच. पैसे मोजलेल्या ग्राहकाचा हेतू काय धरायचा, यावर आपल्या विधिज्ञांनी सविस्तर लिहायला हवे.

दुसरा धागा वस्तू आणि हक्क यांचा. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर विक्रीकरासाठी 'माल' ठरवले. २०२१ च्या इंजिनिअरिंग अॅनालिसिस निकालात सॉफ्टवेअरची प्रत मिळणे आणि कॉपीराइटमधला हक्क मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. दोन्ही निकाल कराबद्दलचे आहेत, तरी किल्लीचा विचार करणाऱ्याला त्यांतली विवेचने मोलाची वाटतील. किल्ली विक्रेत्याच्याच मालकीची राहील असे करारात लिहिले असेल, तर १८७२ च्या करार कायद्यातली निक्षेपाची कलमे पुढे येतात. ठेवलेल्या वस्तूची योग्य ती काळजी घेतलेली असताना ती हरवली, तर वेगळा करार नसल्यास ठेवून घेणारा जबाबदार नसतो, असे कलम १५२ सांगते. 'किल्ली आमचीच, पण हरवली तर नुकसान तुमचेच' या वाक्याचे दोन्ही अर्धे एकत्र कसे नांदतात, हे त्या प्रकाशात तपासले पाहिजे.

अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याने तांत्रिक कुलपांना बगल देणे निषिद्ध केले आणि ठरावीक काळाने अपवाद ठरवण्याची सोय ठेवली. २००३, २००६ आणि २०१० या वर्षांच्या अपवादांत कालबाह्य झालेल्या आणि बिघाडामुळे किंवा मोडतोडीमुळे वापर रोखणाऱ्या डोंगलचा समावेश होता. शब्द पाहावेत : बिघाड आणि मोडतोड आहे, हरवणे नाही.

युरोपात कार्लस्रूहच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने १९९६ साली किल्लीची तपासणी प्रोग्राममधून काढणे ही 'चूक दुरुस्ती' मानायला नकार दिला. पुढे २०१६ साली युरोपीय न्यायालयापुढे रांक्स आणि वासिलेविच्स हे लाटव्हियातले प्रकरण आले. मूळ तबकडी हरवली किंवा खराब झाली, म्हणून राखीव प्रत दुसऱ्याला विकता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. पण त्याच निकालात, अशा धारकाचा पुनर्विक्रीचा हक्क तबकडीबरोबर संपत नाही आणि सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून घेण्याची वाट खुली राहिली पाहिजे, हेही म्हटले. वस्तू गेली तरी हक्क उरतो, याचा इतका स्पष्ट न्यायालयीन स्वीकार विरळा आहे.

पुस्तकाची मांडणी आणि वाचकांना निमंत्रण

पुस्तकाचे चार भाग केले आहेत. पहिल्यात किल्लीची अंतर्रचना, गणित न जाणणाऱ्यालाही समजेल अशा पद्धतीने. दुसऱ्यात वर सांगितलेल्या पाच मार्गांची चिकित्सा. तिसऱ्यात कायदा, आणि त्यात हरवलेल्या किल्लीसाठी कराराचे नमुना कलम : क्रमांकाची नोंद, विनाविलंब सूचना, तीस दिवसांची तात्पुरती परवानगी, हमीपत्रावर अल्प शुल्कात बदली. चौथा भाग ग्रंथपालांसाठी आणि अभिलेखागारांसाठी. विक्रेता कायमचा बंद होतो तेव्हा सगळ्याच किल्ल्यांची स्थिती हरवलेल्या किल्लीसारखी होते, कारण बदली देणारा कोणी उरत नाही. जुन्या मराठी फाँटमध्ये अडकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम त्या आधी व्हायला हवे, आणि ते किल्ली चालू असतानाच सोपे असते.

विद्यार्थ्यांनी पहिल्या भागापासून सुरुवात करावी. वकिलांनी दुसरा भाग वगळू नये. तंत्र न कळता केलेला युक्तिवाद लवकर उघडा पडतो. ज्यांच्या कचेरीत आज एखादी किल्ली लावलेली आहे, त्यांना माझी वेगळी विनंती आहे. पुढचे पान उलटण्याआधी त्या किल्लीचा क्रमांक, खरेदीची तारीख, बिल आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, हे एका वहीत लिहून ठेवा. सेंटिनलची किल्ली असेल तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचे १९४७ क्रमांकाचे पोर्ट उघडा. की-आयडी तिथेच दिसतो. हरवल्यावर तो दिसणार नाही आणि सीटूव्ही फाइलही काढता येणार नाही, कारण तिच्यासाठी किल्लीच लागते. त्या दिवशी विक्रेत्याच्या वहीतली नोंद आणि तुमच्या वहीतली नोंद, एवढ्यावरच तुमचा हक्क उभा राहणार आहे.

या विषयावर मराठीत अजून पुष्कळ लिहिले जायला हवे. अभियंत्यांनी रद्द करता येणारी, तरीही इंटरनेटवाचून चालणारी किल्ली कशी घडवता येईल, याचा विचार करावा. विधिज्ञांनी कलम ४५अ ची समज कलम ६५अ पर्यंत कशी पोचवता येईल, ते मांडावे. जुळणीच्या दुकानांनी आणि वर्कशॉपनी आपले अनुभव नोंदवावेत, कारण खरी माहिती तिथेच आहे. मी इथे घेतलेल्या भूमिकांशी मतभेद असणाऱ्यांचे विशेष स्वागत आहे. हरवलेल्या किल्लीची जोखीम एकट्या ग्राहकाने सोसू नये, एवढे मान्य करून जो कोणी पुढचा मार्ग सुचवील, तो या क्षेत्राचे काम पुढे नेईल.